शेवटचा रकाना

"बाई, आणखी किती वेळ?" पोलिसाने दारातून पुन्हा विचारलं. "त्या पोरीचा नवरा बाहेर बाकावर बसलाय. सहीचा कागद मिळाल्याशिवाय मला त्याला उचलता येत नाही."

"माझ्या हातात असतं तर मीच उचलला असता मेल्याला," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे दवाखान्यातल्या टायपिस्टबाई. मारहाणीच्या केसचे तक्ते त्याच करत. जखम कुठे, लांबी, रुंदी, रंग, हत्यार कोणतं, आणि सगळ्यात शेवटी 'कोणी मारलं, जखमीच्या सांगण्यावरून'. नेमका हाच रकाना कागदाबाहेर जात होता. पडद्यावर अर्धा दिसे, छापला की गायब. मागच्या खेपेला याच पोरीचा कागद तसाच गेला आणि नवरा मिशीवर ताव देत सुटून आला.

आज पोरीच्या अंगावर मारायला जागा उरली नव्हती. पाठभर पट्ट्याचे वळ, बरगडीवर बुटाची टाच, कानामागे उकळत्या पाण्याने सोललेली कातडी. सांगताना ती रडलीसुद्धा नाही. "नाव नीट लिहा हं, मावशी," एवढंच म्हणाली आणि शेजारच्या खोलीत खाटेवर जाऊन पडली.

बाईंनी अक्षरं बारीक केली, तर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. समास कमी केला, तर प्रिंटरने कड खाल्ली. रकाने अरुंद करावेत, तर 'बरगडी' फुटून तीन ओळींत पडली. त्या यंत्राला जोडा हाणावा असं बाईंना वाटलं.

"डॉक्टर, पान आडवं करते."

"अजिबात नको. आडवा कागद वरचं ऑफिस परत पाठवतं. त्यांच्या फायलीत बसत नाही. नाहीतर शेवटचा रकाना उडवा ना."

"मग उरलं काय? पोरगी काय आपोआप फुटली?"

फायलीच्या मापाने माणूस कापणाऱ्यांना काय म्हणावं!

बाई पुन्हा अक्षरांशी झटापट करत राहिल्या. पोलीसही कंटाळून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. शेवटी बाईंनी दातओठ खाल्ले आणि पान आडवं केलं. सगळे रकाने ऐसपैस बसले. शेवटच्यात नवऱ्याचं नाव, ठळक. डॉक्टरांनी चरफडत सही केली. पोलीस कागद घेऊन बाहेर गेला, तर बाक रिकामा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून लोखंड आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला, पुन्हा आला. मध्ये एकदाच "मावशी!" ऐकू आलं.

बाई धावल्या. नवऱ्याच्या हातात सलाइनचा स्टँड होता. पोलिसाने त्याला भिंतीशी चेपला, तरी त्याचा हात उठतच होता. उशी, भिंत, खाटेचा दांडा, सगळं रक्ताने माखलं होतं. बाईंनी स्टँड हिसकावला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर पडले. बाईंना कोणी अडवलं नाही, आणि त्याने पोरीचं काही भलंही झालं नाही.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः कच्चा कागद घेऊन आले.

"बाई, हा... मृताचा तक्ता."

बाईंनी डोळे पुसले आणि बसल्या. जुन्या जखमा, नव्या जखमा, एकेक करून भरल्या. मेलेलं माणूस काही सांगत नाही, म्हणून या तक्त्याला कोणी मारलं याचा रकानाच नसतो. उभ्या पानात तक्ता पहिल्याच झटक्यात बसला.