खाणं कोण सांगणार

चाळीस वर्षं बंदरावरच्या लिलावात उभी राहिलेली बाई. पापलेटाचे कल्ले उचलून ते कधीचं ते सांगायची. अशा आवडाबाईला डुकरांना काय घालायचं ते सुनेने शिकवावं, हे काही तिच्या पचनी पडलं नव्हतं.

गुडघे गेले, डोक्यावरची पाटी सुटली, तेव्हा सुनेच्या, रुपालीच्या, हट्टाने घरामागे डुकरांची शेड उभी राहिली. भावकीने नाकं मुरडली ती मुरडलीच. रुपाली रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेली. "आई, विकायच्या आधी दोन महिने मासळी बंद हां. नायतर मटणाला वास मारतो," असं तिने बजावलं.

आवडाबाई हो म्हणाली, आणि रोज सून उठायच्या आत माशांच्या मुंडक्यांची नि आतड्यांची बादली शेडमध्ये ओतत राहिली. बंदरावर फुकट मिळतं, डुकरं मिटक्या मारत खातात, अंगालाही लागतं, मग बिचाऱ्यांना कोंड्यावर का वाळवायचं? आणि माशाचा वास म्हणजे काय वास झाला? तिच्या नाकाला तो जन्मात कधी आला नव्हता. घरालाच मासळीचा वास, त्यामुळे सुनेलाही पत्ता लागला नाही.

डुकरं पाळणाऱ्यांच्या गटाचा लिलाव महिन्यातून एकदा, रत्नागिरीबाहेरच्या एका आवारात भरायचा. तिथली एक रीत होती. बोली सुरू व्हायच्या आधी मालकाने डुकराच्या पाठीवर हात ठेवून खाणं सांगायचं. कागद नाही, सही नाही. ज्याचं सांगणं खोटं निघेल त्याच्या जनावरावर पुन्हा कोणी बोली लावायचं नाही.

आवडाबाई तिथे पहिल्यांदाच आली होती. रुपालीने थोरल्या डुकराच्या पाठीवर हात ठेवला. "सहाही डुकरांना तांदळाचा कोंडा, हॉटेलातलं उरलंसुरलं. मासळी दोन महिने बंद." आवाज अगदी खणखणीत.

गोव्यातल्या हॉटेलांना माल देणारा हरिश्चंद्र बोली चढवत गेला. बाकीचे एकेक करून गळाले. रुपालीचा चेहरा खुलत चालला होता. आवडाबाईला वाटलं, मूग गिळून बसावं, पैसे घेऊन घरी जावं. पण चार दिवसांनी गोव्यात कोणीतरी चरबी कढईत टाकणार, मासळीचा वास सुटणार, आणि या पोरीचं नाव मातीत जाणार. हात तिचा होता पाठीवर.

"थांबा," ती म्हणाली. "मासळी बंद नव्हती. मी घालत होते, कालसुद्धा घातली. हिला ठाऊक नाय."

हरिश्चंद्र रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बोललात ते बरं केलंत, काकी. दोन महिन्यांनी आणा. पण तेव्हा खाणं तुम्ही सांगायचं. तुमच्या शब्दावर घेईन मी."

माणसांनी माना डोलावल्या. रुपालीने डुकराच्या पाठीवरचा हात काढून घेतला. आता बघा, लबाडी केली सासूने आणि शब्द गेला सुनेचा.

परतीच्या टेम्पोत रुपाली एवढंच बोलली, "मला सांगायचंत तरी."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं," म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

त्यानंतरचे दोन महिने आवडाबाईने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. कोंडा कालवायचा रुपालीने, शेड धुवायची रुपालीने.

पुन्हा लिलाव आला. पाळी लागली तशी सगळी माणसं आवडाबाईकडे बघायला लागली. हरिश्चंद्रही. रुपाली मुकाट्याने मागे सरली. "सांगा, आई."

आवडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी काय सांगू? डुकरं हिने पोसलीत," ती हरिश्चंद्राला म्हणाली. मग तिने पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चालत सरळ फाटकाबाहेर गेली. रुपालीने हाक मारली तरी वळली नाही. आवाराच्या दगडी गडग्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आतून कोणाला दिसणार नाही अशी.

आतून रुपालीचा आवाज आला, आधी बारीक, मग नेहमीसारखा. कोंडा, हॉटेलातलं उरलंसुरलं, मासळी दोन महिने बंद.

आवडाबाई गडग्याचा चिरा धरून उभी होती. बोलीच लागली नाही तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं, ते तिला कळत नव्हतं.

मग हरिश्चंद्राने पहिली बोली लावली.