शेरा : स्वच्छता वाईट

डॉक्टर तहरीमचा हात हलका, पण जीभ भारी तिखट. राजापेठेतल्या तिच्या दवाखान्यात दातांना तारा लावलेली पोरं पायरी चढतानाच गप्प व्हायची. महिन्यातून एका रविवारी ती अकोल्याला जायची आणि तिथल्या एका दवाखान्यात वाकड्या दातांचे पेशंट बघायची. त्यातलीच एक मैना, दहावीतली, अंगानं चांगलीच जाड.

मैनाच्या हिरड्या दर खेपेला सुजलेल्या. नुसता आरसा टेकवला की रक्त. मग तहरीमचं डोकं फिरायचं. "घासून राहिली का नुसती खाऊन राहिली? खोटं नको बोलू, दिसून राहिलं मले!" बाहेर बाकावरच्या माणसांना सगळं ऐकू जायचं, आणि खरं सांगायचं तर ऐकू जावं म्हणूनच ती आवाज चढवायची. पोर लाजली की सुधारते, असं तिचं ठाम मत. मैना सुरुवातीला म्हणायची, "घासतो ना मॅडम." चार महिन्यांनी तेवढंही म्हणेनाशी झाली.

आता तहरीमचा एक नियम होता. प्रत्येक पोराच्या दातांवर दर खेपेला लाल औषध फिरवायचं. चूळ भरल्यावर जिथं कीट असेल तिथं रंग चिकटून राहतो. पोराच्या हातात आरसा दिला की वाद मिटला. हा नियम सगळ्यांना होता, एकट्या मैनाला सोडून. ‘हिला कशाला? दिसतंच आहे की,’ असं मनाशी म्हणत बाई बाटली उघडायच्याच नाहीत आणि फाइलीत लिहायच्या, ‘स्वच्छता वाईट’. असे सात महिने गेले.

मग एका बुधवारी दुपारी, विद्यार्थ्यांपुढं बोलायचं म्हणून ती दाताच्या तारांवरचं नवं संशोधन वाचत बसली होती. वजन जास्त असलं तर अंगात बारीक सूज सतत मुरलेली असू शकते, असं त्यात होतं. तारेचा ताण पडला की अशा मुलांच्या हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड इतरांसारखंच वागेल असं नाही. कीट फारसं नसतानाही हिरडी फुगू शकते. तिनं ते तीनदा वाचलं. समोरचा चहा निवून गेला.

"या अल्लाह," ती पुटपुटली. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? संशोधन नवं असलं, तरी वजनाचा आणि सुजेचा संबंध शिकतानाच वाचला होता की. पण खुर्चीत ते जाड शरीर येऊन बसलं आणि बाईंनी सगळं शिक्षण गुंडाळून ठेवलं. पोरगी खरं बोलत असली तर?

त्याच रविवारी अकोल्याला मैना बापासोबत, मनोजसोबत आली. तो बाहेर बसला. "आज रंग लावून बघू," तहरीम म्हणाली. मैनानं शिक्षा घ्यायची असावी तसं तोंड उघडलं. औषध फिरवलं, चूळ भरून झाली. दात पांढरेशुभ्र! मागच्या दाढेशी एक ठिपका, बस. पण दिव्याखाली आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या पुढच्या दाताची हिरडी खाली सरकली होती आणि मूळ उघडं पडलं होतं.

"दिवसातून किती खेपा घासून राहिली?"

"पाच. शाळेत बी घासतो," मैना छताकडे बघत म्हणाली. "कडक ब्रश आणला. दुपारचा डबा बी बंद केला. तरी तुमी म्हनता खोटं."

तहरीमनं हातमोजे काढले. "मैना, माझं चुकलं. तू खरं बोलून राहिली होती. मी तपासलंच नाही, नुसतं तुझ्याकडे पाहून ठरवून टाकलं." मग तिनं सगळं सांगितलं. तारेचा जोर आज कमी करू, मऊ ब्रशनं दोनदाच घास, डबा खा, हिरडीच्या डॉक्टरांना दाखव.

"अन् हे खाली गेलेलं?"

"ते आपोआप वर नाही येत. शिवून झाकता येते का, ते डॉक्टर सांगतील. माझ्या बोलण्यानं तू इतकं घासलं, म्हणून झालं हे, पोरी."

मैना रडली नाही, चिडलीही नाही. "बाबाले सांगा," ती म्हणाली. "बाहेर, सगळ्यांसमोर."

तहरीम बाहेर गेली. बाकावर सहा-सात माणसं होती. "मैनाचे दात स्वच्छ आहेत," ती म्हणाली, "पहिल्यापासून असतील. मी न तपासता तिला बोलत होते. चूक माझी आहे."

मनोज उठून उभा राहिला. "म्हंजे मॅडम... मी दोनदा हात उचलला हिच्यावर. डॉक्टरीनबाई काहून खोटं बोलतीन, म्हटलं. देवासारखा भरवसा होता तुमच्यावर."

मनोजनं लेकीकडे पाहिलं आणि तिथंच बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मैना त्याच्याजवळ गेली. औषधानं तिचे ओठ अजून लाल होते. तिनं त्याचा एक हात हळूच ओढून आपल्या हातात धरला.

"पुढची तारीख कोणती देऊ?" नोंदवहीच्या टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

"दुसऱ्या डॉक्टरची द्या," मैना म्हणाली.

मुलीनं तहरीमकडे पाहिलं.

"द्या," तहरीम म्हणाली.