रहिमाभाभीची बोट

मोंबासाहून परत आले आणि मी बोलायला लागले. त्याआधी वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा, तोही सगुणाबाईंनी दोनदा नाव घेतल्यावर. गेल्या वर्षी फुफीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, लेकीचं बाळंतपण मोंबासाला होतं आणि मुंबईहून एवढ्या लांब बोटीने एकटं जायची फुफीची छाती होईना. सोबत म्हणून मला नेलं. चार महिने शाळा बुडाली, पण परत आल्यावर बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं, "आसिया, तू काय काय पाहिलंस ते सांग," म्हणाल्या, आणि मी दोन तास सांगत राहिले. मधली सुट्टी कधी झाली कुणाला कळलं नाही.

मग आमच्या राजिवडा मोहल्ल्यातल्या बायकांनी मला धरलं. जिचा कोणी आफ्रिकेला, जिचा कोणी एडनला, ती दुपारी भांडी आवरून ओटीवर यायची आणि मी आपली चालू. बोटीत डेकवर जागा धरायची तर मधोमध धरावी, टोकाला बसलं की पोट ढवळतं. ट्रंकेवर नाव एकाच बाजूला लिहू नये, तिन्ही बाजूंना लिहावं, कारण हमाल ट्रंक नेमकी नाव खाली करून ठेवतो. लिंबू ट्रंकेत ठेवू नये, हाताशी ठेवावं. ओकारी आली की ट्रंक उघडायला वेळ नसतो. आणि सुके बोंबील कधीही करंडीतून नेऊ नयेत. फुफीने नेले होते. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि शेजारचं कच्छी कुटुंब बिछाने उचलून लांब गेलं. तिसऱ्या दिवशी पलीकडचेही गेले. पुढे मोंबासापर्यंत आम्ही दोघी नवाबासारख्या पसरून झोपलो.

"मग बरंच की गो," हफीजाचाची म्हणाली. "मी तर दोन करंड्या देते रहिमाला."

हफीजाचाची आमच्या शेजारची. रहिमाभाभी तिची सून. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यांतला दीड महिना काय तो नवऱ्याबरोबर. वजीरभाई मोंबासाच्या बंदरात कारखान्यात कामाला गेले ते गेलेच. आता त्यांनी तिकीट पाठवलं होतं आणि पत्रात लिहिलं होतं: देवी काढून डॉक्टरचा दाखला घे, विसरू नकोस.

रहिमाभाभीने कधी देवी काढलेल्या नव्हत्या. तिचं माहेर आत डोंगराकडचं. देवीडॉक्टर गावात आला की ती काजूच्या झाडावर चढून बसायची, ते तो खाडी उतरून जाईपर्यंत. "खाली डॉक्टरचा बाबू शिपाई शिट्ट्या मारी, मी वरून बिया मारी," ती सांगायची आणि स्वतःच हसायची.

निघायला आठवडा उरला त्या रविवारी ती मला म्हणाली, "आसिया, देवी आता काढू की मुंबईला? काढल्या की हात सुजतो म्हणतात, ताप येतो. आणि सांदणं तर मलाच करायची आहेत."

आमच्याकडे सासरहून परदेशी जाणारी सून निघण्याआधी आपल्या हाताने सांदणं उकडून घरोघर वाटते. नारळाचं दूध काढायचं, तांदूळ वाटायचे, तीसेक घरं. सुजल्या हाताने ते कसं व्हायचं?

ओटीवर दहा-बारा जणी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. पण मुंबईच्या धक्क्यावर एक डॉक्टर टेबलामागे बसलेला मी पाहिला होता आणि तो धडाधड शिक्के मारत होता, एवढं डोळ्यांसमोर आलं.

"मुंबईला काढ," मी म्हटलं. "धक्क्यावरच डॉक्टर असतो. देवी काढतो, शिक्का मारतो, की चढायचं बोटीत. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पोरगी नाय, वकील हाय," जनीमावशी म्हणाली. ती आमच्याकडे दूध घालायची आणि माझं ऐकायला मुद्दाम थांबायची. मी इतकी फुगले की विचारू नका.

मंगळवारी शाळेत देवीडॉक्टर आला. खालच्या वर्गातली मुलं व्हरांड्यात रांगेत रडत होती. आमचा भूगोलाचा तास चालू होता आणि मी खिडकीतून बघत होते. एकदम मला फुफी आठवली. मुंबईला तिच्या घरी, सुजलेला दंड मांडीवर ठेवून ती बोटांवर दिवस मोजत होती. पहिल्यांदा देवी काढल्या की आठ दिवस उलटल्याशिवाय दाखला चालत नाही, म्हणून आम्ही दोघी बोटीसाठी थांबलो होतो. ते दिवस मी राणीच्या बागेत हत्तीवर बसण्यात आणि चौपाटीवर भेळ खाण्यात घालवले. थांबलो कशासाठी, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. धक्क्यावरचा डॉक्टर देवी काढत नव्हताच. तो नुसते दाखले तपासत होता.

मी बाकावर बोटं मोजली. रहिमाभाभी शनिवारी मुंबईच्या बोटीला बसणार, मोंबासाची बोट त्याच्या पुढच्या गुरुवारी. आज देवी काढल्या तर नऊ दिवस मिळतात. शनिवारनंतर काढल्या तर काही उपयोग नाही. देवीडॉक्टर तर समोर, व्हरांड्यात.

शाळा सुटल्यावर पळतच घरी गेले. सांगणारच होते. पण हफीजाचाचीच्या ओटीवर बायका जमलेल्या, आणि मला पाहून चाची म्हणाली, "ही बघा आमची आसिया. हिच्या जिवावर सून पाठवतेय मी." रहिमाभाभी नारळ खवत होती. तिने हसून माझ्यासाठी पाट सरकवला. मी बसले. कुणीतरी विचारलं, मोंबासाला भात मिळतो का. मी म्हटलं, मिळतो. मग तिथल्या केळ्यांबद्दल सांगितलं. जनीमावशी हसून हसून पदर डोळ्यांना लावायला लागली. मी मनात म्हटलं, फुफीचं वेगळं असेल. वय झालेल्यांना आठ दिवस लागत असतील. असलं काहीतरी म्हटलं. बुधवारी म्हटलं, आता फार उशीर झाला. गुरुवारी खरंच उशीर झाला होता.

शनिवारी सगळा मोहल्ला बंदरावर. मुंबईची बोट लांब उभी राहते, तिथवर पडावातून जायचं. जाणाऱ्याने पडावात पाय ठेवला की किनाऱ्याकडे वळून बघू नये, बघितलं तर प्रवास अर्धा राहतो, असं आमच्याकडे मानतात. रहिमाभाभी नव्या बुरख्यात ताठ बसली होती. शेजारी तिचा दीर अली, तिला मुंबईत बोटीवर चढवून देणार होता. पडाव हलला आणि मला एकदम रडू आलं, मी ओरडले, "भाभी, लिंबू हाताशी ठेव!"

तिने वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी ती अलीबरोबर परत आली. गुरुवारी धक्क्यावर तिला थांबवलं होतं. धक्क्यावर देवी काढत नाहीत हे कळल्यावर अलीने आदल्या दिवशी तिला मुंबईतल्या दवाखान्यात नेलं होतं; तो ताजा दाखला पाहून डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. तिच्यासमोर शिडी वर गेली.

कुणी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. हफीजाचाची म्हणत होती, "वळून बघितलन. मी आदल्या दिवशी तीनदा सांगितला होता. आता वजीरने तिकडे रजा घेतली, खोली बघितली, सगळं फुकट." आणि रहिमाभाभी सुजलेला दंड धरून खाली मान घालून म्हणत होती, "बघितलं मी. माझंच चुकलं."

दोन दिवस मी शाळेतून आले की मागच्या दाराने घरात शिरत होते. तिसऱ्या दिवशी जनीमावशीने मला दूध मोजता मोजता विचारलं, "काय गो, आजकाल सभा भरत नाय तुझी?" तेव्हा मी दुधाचं भांडं तिथेच ठेवलं आणि हफीजाचाचीकडे गेले. ओटीवर चारजणी होत्या. बरं झालं, कारण खोटंही मी सगळ्यांसमोरच सांगितलं होतं.

"चाची, भाभीने वळून बघितलं म्हणून काही झालेलं नाही. देवी काढून आठ दिवस व्हावे लागतात. भाभी जायच्या आधीच्या मंगळवारीच मला आठवलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर बोट मिळाली असती. मी सांगितलं नाही."

चाची सुपारी कातरायची थांबली. "मंगळवारी? तू इथे बसलेलीस मंगळवारी. केळ्यांचा सांगत होतीस."

"हो."

"आणि माझ्या सुनेला मी चार दिवस बोलतेय." ती पुन्हा सुपारी कातरायला लागली. मग म्हणाली, "जा, तुझी आय वाट बघत असेल." एवढंच. तिने मला दोन चपराका दिल्या असत्या तर मला घरी जाता आलं असतं. मी तिथेच उभी राहिले.

रहिमाभाभी आतून आली. दारातून तिने सगळं ऐकलं होतं. तिने फडताळातून कागद आणि दौत-टाक काढून माझ्यापुढे ठेवले. तिला लिहिता येत नाही, अलीचं अक्षर वजीरभाईंना लागत नाही.

"लिही," ती म्हणाली. "दाखला मिळाला, आता तो चालेल. पुढची बोट कधी ते कळव. तब्येत बरी हाय."

मी लिहिलं. मग तिने सांगितलं नव्हतं तेही मी खाली लिहिलं, की बोट चुकली ती माझ्यामुळे, आणि मंगळवारचं सगळं. माझं नाव घातलं.

"एवढं काय लिहितेस? वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. हफीजाचाची अडकित्ता थांबवून ऐकत होती. रहिमाभाभी माझ्या हातातल्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली, जणू तिला त्यातली अक्षरं ओळखू येणार होती.

"त्यांना राग येईल तुझा," ती म्हणाली.

"येऊ दे."

"मलापण आलाय."

"हो."

मग तिने पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली. "पुढची बोट म्हणजे मे उजाडेल. तिकडे पाऊस कधी लागतो गो? छत्री नेऊ?"

मी तिथे होते तेव्हा आकाश कोरडं ठणठणीत होतं. पावसाबद्दल तिथल्या बायका काहीतरी बोलायच्या, ते मी कधी नीट ऐकलं नव्हतं. जीभ वळवळली. ओटीवरच्या चौघी बघत होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "वजीरभाईंनाच विचारू." आणि टाक दौतीत बुडवून ते पत्रात लिहिलं.