सासूबाईंचं पातेलं

दोन जावा एका पातेल्यावरून भांडल्या आणि त्यापायी एका घराचे दोन देश व्हायची वेळ आली. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याचं असं झालं. युद्धातून पळताना बाकी सगळं मागे राहिलं, सासूबाईंचं झाकणाचं पातेलं तेवढं बरोबर आलं. जळत्या छपराखालून ते मी बाहेर काढलं म्हणून माझं, हे थोरलीचं म्हणणं. सीमेपर्यंत चार दिवस मी वाहिलं म्हणून माझं, हे धाकटीचं. छावणीत नावं नोंदवायच्या रांगेत दोघी हमरीतुमरीवर आल्या, आणि टेबलामागच्या माणसानं नेमकं तेव्हाच विचारलं, की तुमचा स्वयंपाक एकत्र की वेगळा? दोघी एका सुरात म्हणाल्या, वेगळा. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. नवरे मागेच उभे होते, पण मध्ये तोंड घालायची त्या दोघा भावांची काय बिशाद! झाली दोन कार्डं. थोरलीच्या कार्डावर नवरा, दोन मुलगे आणि ती, अशी चौघं. धाकटीच्या कार्डावर नवरा, लेक छकुली आणि ती, अशी तिघं.

भांडण आठवड्यात विरलं. पातेलं पुन्हा एकाच स्टोव्हवर चढायला लागलं, सातही जणं त्यातलंच सूप प्यायला लागली. कार्डांची आठवण मात्र एकालाही झाली नाही. धन्य ती माणसं!

वर्षभरानं यादी लागली. नऊ देशांनी छावणीतली माणसं आपसात वाटून घ्यायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, पाहुणे उठून गेल्यावर भांडी कोणी घासायची यावरून घरात चालते तशी टोलवाटोलवी वर्षभर चालली होती. मागच्या खेपेला आम्हीच केलं, आमच्याकडे जागा कुठे आहे, त्यांचं घर मोठं आहे त्यांना सांगा. शेवटी ज्यानं त्यानं आपला वाटा उचलला, हेही खरं. त्या वाटणीत थोरलीचं कार्ड उत्तरेच्या थंड देशाकडे गेलं आणि धाकटीचं समुद्रापलीकडच्या.

थोरलीनं यादी दोनदा वाचली. धाकटी बाळंतपणात तापानं फणफणली होती तेव्हापासून छकुली थोरलीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पोर तिला काकू म्हणायची आणि झोपायलाही तिच्याच कुशीत शिरायची. ती समुद्रापलीकडे जाणार, या विचारानंच थोरलीचा जीव कासावीस झाला. तिनं डोळे पुसले, एका हातात पातेलं घेतलं, दुसऱ्यानं धाकटीचं मनगट धरलं आणि वाटणीचं ऑफिस गाठलं.

तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एका घरचे आहोत असं इथे रोज कोणी ना कोणी सांगतं, पुरावा काय? कागद तर जळलेले. पातेल्यावर काही कोणाचं नाव नव्हतं. मग त्यांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकीला दुसरीबद्दल विचारायचं ठरवलं.

थोरली अगदी गोड गोड बोलायचं ठरवून बसली होती. पण तोंड उघडलं आणि साठलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. धाकटी पातेल्यावर झाकण म्हणून ठेवत नाही. मीठ घालते ते आठवेल तेव्हा, आणि आठवतं दोनदा. माझा कंगवा घेते तो परत देत नाही. विमानाचा आवाज झाला की माझी ओढणी घट्ट धरून बसते, आतापर्यंत दोन फाडल्या. बाई सगळं लिहून घेत होत्या. आपल्याच तोंडानं आपण घात केला, असं तिला वाटलं.

बाईंनी दोघींना समोर बसवलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. धाकटीनंही तेच केलं होतं. झाकणावरून जाऊबाई जीव खातात. मिठावरून बोलतात. एवढ्याशा कंगव्यावरून घर डोक्यावर घेतात. वाचता वाचता बाईंना हसू आवरेना. शेवटच्या ओळीशी मात्र त्यांचा आवाज उतरला.

"यांनी सांगितलंय, पाव कमी पडला की जाऊबाई पोट भरलं म्हणतात आणि आपला तुकडा छकुलीच्या ताटात सारतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. बोलले असते तर थांबणार होतात का तुम्ही?"

थोरलीला रडू फुटलं. बाईंनी दोन्ही कार्डं एकत्र टाचली.

पण सात जणांचं करायचं काय? उत्तरेच्या देशानं वाट्याला आलेली चौघं मोजून ठेवली होती, वरची तिघं कुठे घालणार? बाईंनी फोन उचलला तो दुपारपर्यंत खाली ठेवला नाही. उत्तरेच्या यादीत तिघांचं एक कुटुंब होतं, त्यांची मावशी आधीच समुद्रापलीकडे पोचलेली. ते तिकडे, हे इकडे, दोन्ही देशांचा वाटा जिथल्या तिथे. तरी उत्तरेचा माणूस अडला. सात जणांना पुरेल असं एकच घर त्यांच्याकडे होतं, आणि त्यात गोम होती. बाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं,

"तिथे स्वयंपाकघर एकच आहे. तुमचा स्वयंपाक एकत्र की वेगळा?"

"एकत्र," दोघी एका सुरात म्हणाल्या.

मग हसू फुटलं ते थांबेचना. बाई हसत होत्या, जावा हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि फोनवरचा माणूस तिकडून विचारत होता, काय झालं, घर नको आहे का? थोरलीनं पातेलं उचलून धाकटीच्या हातात दिलं.

"घे, तूच ने," ती म्हणाली. "झाकण माझ्याकडे राहील."