गुलाबी बाराबंदी

गुरुबसप्पांचं घराणं हट्टी. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वजांमागे चालताना घालायची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घरच्याच विहिरीच्या पाण्याने धुवायची, मग ती कालच शिवलेली का असेना. विहीर वडिलांनी स्वतः खणलेली; तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललेलं गुरुबसप्पांना खपत नसे.

यंदा एका पाहुण्याची बाराबंदीही धुवायची होती. त्यांच्या शेतालगतच्या टॉवेल कारखान्यात परदेशी पैसा आला होता आणि तो पैसा घालणारे हेंड्रिकसाहेब यात्रा बघायला येणार होते. मॅनेजर विरेशने गळ घातली, "काका, सायबाला तुमीच सजवा की!" म्हाताऱ्याची छाती फुगली.

"नळाच्या पान्यानं धुवा वं," चंद्रव्वा नवऱ्याला म्हणाली. "कारखाना वाढल्यापासनं हिरीचं पानी बिघडलंय."

"विरेश म्हनतोय, कारखान्याचं रंगाचं पानी साफ करायचं मशीन रोज चालतंय. आपली हीर चोख हाय!"

दोन्ही बाराबंद्या वाळल्या त्या झक्क गुलाबी. गुरुबसप्पा मटकन खालीच बसले. कपड्यांचं राहू द्या, बापाची विहीर गेली होती. पण पाहुणा दारात उभा, दुसरे कपडे नाहीत. करतात काय? अडला हरी!

पांढऱ्याशुभ्र मिरवणुकीत दोघंच गुलाबी. पोरंसोरं खिदळत होती. साहेबाने विरेशला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकून तो खूश झाला आणि गुरुबसप्पांना त्याने वाकून नमस्कार घातला.

"काय म्हनतोय त्यो?" गुरुबसप्पांनी सुनेला विचारलं. शिवलीला शाळेत इंग्रजी शिकवायची.

"मामंजी, विरेशनं सांगितलंय, गुलाबी हा मानकऱ्यांचा रंग हाय."

गुरुबसप्पांचा पारा चढला. "सिद्धरामेश्वराच्या दारात खोटं? शिवलीला, खरं काय ते सांग त्याला. म्हनावं, रंग तुज्याच कारखान्याचा हाय!"

शिवलीलाने सांगितलं. साहेबाने आधी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, मग विरेशकडे. विरेश नंदीध्वजाच्या शेंड्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब न कळवता कारखान्यात गेला. मशीन होतं, अगदी कोरं करकरीत. वीज वाचवायला ते बंद ठेवलेलं, त्यावर कामगारांचे डबे मांडलेले. त्या आठवड्यात मशीन सुरू झालं आणि विरेशची बदली झाली. विहिरीचा गाळ कंपनीने काढून दिला.

पुढच्या संक्रांतीला साहेब नवी बाराबंदी घेऊन थेट विहिरीवर आला. कुणालाही हात लावू न देता त्याने ती स्वतः पोहऱ्याने पाणी काढून धुतली आणि दोरीवर टाकली. वाळेपर्यंत तो आणि गुरुबसप्पा शेजारी शेजारी बसून राहिले.

बाराबंदी पांढरीच राहिली. डोळे पुसून गुरुबसप्पा उरलेलं पाणी पोहऱ्यातून घटाघटा प्यायले.

"बरं झालं बाई," चंद्रव्वा सुनेच्या कानात म्हणाली, "पर गुलाबी ह्यांना लई शोभत हुतं!"