वाढवलेले पाटे

फिरकीनं शेवटचा बोल्ट आवळला, जीपखालून बाहेर आला, कंबर सरळ केली आणि लगेच पुन्हा खाली शिरला. सकाळपासूनची ही सातवी फेरी. गॅरेजात त्याला फिरकी म्हणायचे ते काही उगाच नाही, पण आजची तगमग निराळीच होती. आज त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"झालं की नाही?" नर्सबाईंनी विचारलं. जीप त्यांच्या दवाखान्याची. वर खाणीपाशी वस्ती, रस्ता म्हणजे नुसते दगड, आणि तिथल्या अवघडलेल्या बायकांना खाली आणायला ही एकच गाडी. "एकीचे दिवस भरलेत. कधीही निरोप येईल."

"दांडा बसला. पण..." फिरकीनं गॅरेजच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

तिथे थोरले साडू कुठल्याशा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यावर घण घालत होते. थोरले म्हणजे फिरकीच्या मोठ्या मेहुणीचे यजमान आणि गॅरेजचे मालक. गाडीला काहीही होवो, त्यांचं औषध एकच: पाटा बदल, नाहीतर पाटा वाढव. फिरकी थट्टेनं म्हणायचा, भाऊंना सर्दी झाली तरी ते एक पाटा वाढवतील. ही थट्टा त्यानं वर्षभरात एकदाही केली नव्हती.

ही जीप चढावर उड्या मारायची. क्लच सोडला की मागचा एक्सल जागच्या जागी पिळायचा, त्याच्याबरोबर पाटे मुरडायचे, मग सटकन सुटायचे आणि चाकं दगडावर थयथयाट करायची. दोन वर्षांपूर्वी थोरल्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले. उड्या थांबल्या. गाडी मात्र अशी कडक झाली की आत बसलेल्याची हाडं खिळखिळी व्हावीत. फिरकीनं आता एक्सलपासून पुढे चॅसीच्या आडव्या पट्टीपर्यंत एक भक्कम दांडा बसवला होता. ट्रॅक्शन बार म्हणतात त्याला. एक्सल पिळायला लागला की हा दांडा त्याला धरून ठेवणार. मग पाटे मऊ असले तरी बिघडत नाही. वाढवलेले पाटे काढता यावेत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

"दांडा लावायचा तर लाव," थोरले म्हणाले होते. "पाट्यांना हात लावायचा नाही."

का, ते तिघांनाही ठाऊक होतं. थोरल्यांच्या लेकीचं सासर वरच्या वस्तीतलं. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिला याच जीपमधून खाली आणलं होतं. मूल हाती लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यांनी असं होत नसतं, आतून आधीच बिनसलं होतं. थोरल्यांनी मान हलवली, पाव्हण्यांना निरोप दिला आणि त्यानंतर त्या दिवसाविषयी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पाटे काढायचे म्हणजे कबूल करायचं, आणि ते त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

त्या दिवशी नर्सबाई मागे तिच्यापाशी होत्या आणि स्टिअरिंगवर होता फिरकी. दवाखान्याच्या दारात भाचीनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. "काका, गाडी फार कडक आहे. पण बाबांना सांगू नका हं." त्यानं सांगितलं नाही. शब्द पाळला खरा, पण तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं.

घणाचा आवाज थांबला. थोरले हात पुसत आले आणि गुडघ्यावर वाकून जीपखाली पाहू लागले. जीप लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं हवेत.

"बोल्ट आवळलेस?"

"गच्च."

"चाकं लोंबकळत असताना?"

फिरकीच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी जमिनीवर बसली की पाटे दबतात, दांडा सरकून आपली जागा घेतो. अधांतरी आवळला तर त्याचे रबरी बुश पिळलेले राहतात आणि चार दिवसांत फाटतात. ही गोष्ट त्यानं स्वतः दहा जणांना शिकवली होती!

"सैल कर. खाली उतरव. मग आवळ," थोरले म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर फिरकीला बरं वाटलं असतं.

तासाभरानं जीप चाकांवर उभी राहिली. नर्सबाई चालवायला निघाल्या, तशी थोरल्यांनी मागचं दार उघडलं.

"बाई, तुम्ही बाजूला बसा. हा चालवेल."

"आणि तुम्ही?"

ते आत चढले आणि पेशंटच्या फळीवर आडवे झाले. साठीचा धिप्पाड माणूस, पाय फळीबाहेर आलेले. नर्सबाईंनी फिरकीकडे पाहिलं. फिरकीनं गाडी सुरू केली.

पहिल्या चढावर त्यानं क्लच सोडला. चाकांनी दगड पकडला. उडी नाही, थयथयाट नाही, जीप सरसर वर गेली. एरवी त्यानं स्टिअरिंगवर ताल धरला असता. आज फक्त गाडी वळवली आणि उतार धरला, अगदी जपून, एकेक दगड चुकवत.

"अशी नव्हतीस चालवली," मागून आवाज आला.

फिरकीनं आरशात पाहिलं.

"भाऊ..."

"त्या दिवशीसारखी चालव."

नर्सबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांना माहीत होतं. त्या दिवशी फिरकी घाबरला होता, मागून पोरीचं कण्हणं ऐकवत नव्हतं आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला गेला होता. आता तो मुद्दाम दाबावा लागला. जीप उतारावर सुटली. प्रत्येक दगडाला मागे फळी आपटत होती. थोरल्यांचं डोकं कशावर तरी आदळलेलं स्पष्ट ऐकू आलं. शेवटी नर्सबाईच ओरडल्या, "पुरे! पुरे करा हो आता!"

गॅरेजात गाडी थांबली तरी थोरले लगेच उठले नाहीत. छताकडे बघत पडून राहिले. फिरकी दाराशी उभा होता, आत हात द्यायचीही हिंमत होत नव्हती.

"जॅक आण," उठता उठता ते म्हणाले. "वाढवलेले काढू."

दोघे जीपखाली शिरले. एकानं पाना धरायचा, दुसऱ्यानं ओढायचं. गंजलेले नट हटता हटेनात. थोरल्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. डाव्या बाजूचे दोन्ही पाटे निघाले, तेव्हा ते म्हणाले,

"लेक मला म्हणाली होती, काकांनी अगदी हळू आणलं. त्यांना काही बोलू नका, बाबा."

फिरकीचा हात थबकला.

"मी तुला ओळखत नाही होय?" थोरले म्हणाले. "तू आणि हळू!"

"घाबरलो होतो भाऊ." फिरकी म्हणाला. "मला ती म्हणाली होती, गाडी कडक आहे हे तुम्हाला सांगू नका."

थोरल्यांनी कुशीवर वळून दुसऱ्या बाजूच्या नटाला पाना लावला आणि सगळा जोर काढून ओढला. नट सुटला.

"आज फोन कर तिला," ते म्हणाले. "सांग, पाटे काढले म्हणून."

"तुम्हीच सांगा ना."

"नाही, तूच सांग. मी बाजूला उभा राहतो."