चित्राला दिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेलपट्टी. वीतभर लांब. फोनला जोडलं की पडद्यावरची अक्षरं माझ्या अंगावर ठिपके होऊन उठतात आणि बोटांना वाचता येतात. माझ्या आयलीबाईंना दिसत नाही, ऐकू येत नाही. त्यांचं सगळं जग माझ्यावरूनच आत जाई.

मिनेसोटातल्या आमच्या सरोवराकाठच्या गावात दर गुरुवारी आम्ही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत जायचो. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून नियम आहेत. त्यातला एक असा, की चित्रात जे असेल ते शब्दांतही लिहावं. आयलीबाई पानं तपासून चुका दाखवत. "बाई, तुमच्यापुढे आमचे डोळे फिके," असं तिथला ब्रॅडी टाइप करी आणि भाव मात्र मला चढे. पुढे कचेरीने तपासणीचं सॉफ्टवेअर आणलं. आमचे गुरुवार बंद झाले.

जानेवारीत बाईंना डायलिसिसला नेणाऱ्या व्हॅनची वेळ सातची नऊ झाली. नवं वेळापत्रक कचेरीने वेबसाइटवर टाकलं, पण फोटो काढून. आयलीबाईंनी पान उघडलं तर माझ्या अंगावर एकच शब्द उठला, 'चित्र'. म्हणून त्या जुन्याच वेळेला रस्त्याकडेला जाऊन उभ्या राहिल्या. व्हॅन पाच मिनिटं थांबते, दार कुणी वाजवत नाही. आत जावं आणि तेवढ्यात ती निघून गेली तर? उणे तीस अंशांत त्या दोन तास उभ्या होत्या. सारखा हातमोजा काढायच्या, पान पुन्हा उघडायच्या. 'चित्र'. जे येईल तेच मी सांगणार, माझा जीव तेवढाच.

हिमदंशाने त्यांची बोटं काळी पडली. मार्चमध्ये बोटांवरच्या पट्ट्या सुटल्या, तेव्हा ब्रॅडी भेटायला आला. बाईंची धाकटी बहीण हेल्मी घरी होती.

"काकू, आमचं पान तपासणीत पास झालं होतं," तो खाली मान घालून हेल्मीला म्हणाला. "प्रत्येक चित्राला नाव दिलं होतं."

"काय नाव?" हेल्मीने विचारलं.

"चित्र."

"असं होय. मग मीही दारावरच्या पाटीवर 'घर' लिहिते. येईल का रे माझं टपाल?"

हेल्मीने ब्रॅडीचं म्हणणं टाइप केलं आणि ताईचा हात माझ्यावर ठेवला. बोटं माझ्यावरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही वेबसाइट बनवाल. नियमापुरतं लिहू नका रे. वाचणारं कोण आहे, ते मनात धरून लिहा. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे.

"हेल्मे," आयलीबाई म्हणाल्या, "पट्टी बंद पडली का गं?"

मी चालूच होते. माझा एकूण एक ठिपका वर आलेला होता.